कुलपातली कार्डं आणि कृष्णेचा पूर

ऑगस्ट लागला की सांगलीत भेटलेला माणूस आधी "आयर्विनला किती?" असं विचारतो, ख्यालीखुशाली नंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ फुटांच्या पलीकडे, आणि २०२१ च्या जुलैत त्याने परत पन्नाशी ओलांडली. पण तो आकडा पुलापाशी मोजलेला. दत्तनगरातल्या, मारुती चौकातल्या, शामरावनगरातल्या माणसाला वेगळंच हवं असतं. पुलाला इतके फूट झाले तर पाणी माझ्या उंबऱ्याला लागेल का, आणि लागेल तर किती वाजता? सामान माळ्यावर चढवून घरीच थांबायचं की म्हाताऱ्या आईला घेऊन रात्रीतच विश्रामबागेत पाहुण्यांकडे जायचं, हे त्यावर ठरतं.

हे उत्तर काढायला जे यंत्र लागतं ते आपल्या जिल्ह्यात आहे. ते कुलपात आहे, आणि ते कुलूप उघडलं पाहिजे, एवढंच मला सांगायचंय.

मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवतोय. ज्या कॉलेजची गोष्ट सांगतोय त्याचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच गोष्ट अनेक ठिकाणी दिसेल. तिथे एक लॅब आहे. काचेचं दार, दोन एसी, वीस मशिन्स, प्रत्येकात बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड. कॉलेज तपासायला समिती यायची होती म्हणून खरेदी झाली. समिती आली, फोटो निघाले, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली आणि दार बंद झालं. मी किल्ली मागायला गेलो तेव्हा लॅब असिस्टंट म्हणाला, "सर, तुम्हाला नाही म्हणवत नाही. पण पोरांच्या हातून कार्ड गेलं तर सही माझी आहे." त्याचं मला चुकीचं वाटलं नाही. ज्याच्या पगारातून वसुली होऊ शकते त्याने दार का उघडावं? पण जी वस्तू वापरून खराब होण्याच्या भीतीने ठेवून दिली, ती ठेवूनही जुनी होतेच. पाच वर्षांनी तिचं निर्लेखन होईल आणि तोवर तिच्यावर एकही गणित सुटलेलं नसेल.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेमवाल्या पोरांचं खूळ, हा समज अजून आपल्याकडे पक्का आहे, अगदी प्राध्यापकांच्या खोलीतसुद्धा. म्हणून हे कार्ड नेमकं काय करतं ते आधी सांगतो. साध्या फुल एचडी स्क्रीनवर वीस लाखांवर ठिपके असतात. गेम चालू असताना प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने काढायचा असतो, आणि एका ठिपक्याचा रंग काढायला शेजारच्याचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागत नाही. म्हणून कार्डात हजारो छोटे हिशेबनीस बसवलेले असतात. मशीनच्या मुख्य प्रोसेसरमध्ये आठ-सोळा कोअर असतात, प्रत्येक अत्यंत हुशार. आमच्या लॅबमधल्या त्या कार्डात साडेतीन हजारांवर आहेत, प्रत्येक साधासुधा.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला ऊसतोडीइतकं चांगलं उदाहरण नाही. मुकादम कितीही तरबेज असला तरी एकट्याने पाच एकराचा फड तोडायला त्याला महिने लागतील. त्याच फडात चाळीस कोयते शिरले आणि ज्याने त्याने आपली सरी धरली की चार दिवसांत रान मोकळं. सऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून हे जमतं. पण ज्याने हंगाम जवळून पाहिलाय त्याला पुढचंही माहीत असतं. तोड झाली, मोळ्या बांधल्या आणि ट्रॅक्टरच आला नाही तर ऊस बांधावर वाळतो. कार्डाचंही तसंच आहे. आमच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वेगाने माल पुरवते, पण मशीनच्या मुख्य मेमरीतून कार्डापर्यंतचा रस्ता त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही अरुंद आहे. प्रत्येक पायरीला आकडे इकडून तिकडे नेत बसलात तर हजारो हिशेबनीस नुसते वाट बघत उभे राहतात. सगळा माल एकदा आत न्यायचा, काम आतच उरकायचं आणि फक्त उत्तर बाहेर काढायचं, हा या धंद्यातला पहिला धडा.

आणि दुसरा धडा गुऱ्हाळावरचा. ऊस तोडायला, वाहायला, गाळायला माणसं वाढवता येतात. काहीलीतला रस आटायला जो वेळ लागतो तो लागतोच, आणि काहील कधी उतरवायची हे गुळव्या एकटाच ठरवतो. जीन अ‍ॅमडाल या इंजिनियरने १९६७ साली कॉम्प्युटरबद्दल हेच मांडलं होतं: कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर यंत्रं कितीही जोडा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही. म्हणून कार्ड लावलं की सगळं पळायला लागेल असं जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पतसंस्थेचं बिलिंग, तलाठ्याचे उतारे, कॉलेजचे निकाल, यांना कार्डाचा उपयोग नाही. कामाचे हजारो सारखे तुकडे पडत असतील तरच ते कामाचं.

पुराचं गणित नेमकं तसं आहे.

सांगली-मिरज आणि आजूबाजूचा वीस किलोमीटर लांब, वीस किलोमीटर रुंद मुलूख घ्या. त्यावर दहा-दहा मीटरचे चौकोन आखा. चाळीस लाख चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाला जमिनीची उंची आहे, त्यात पाणी किती खोल आहे आणि ते कुठे किती वेगाने चाललंय हे आकडे आहेत. पुढच्या क्षणी त्या चौकोनात किती पाणी असेल हे त्याच्यावर आणि त्याच्या चार शेजाऱ्यांवर ठरतं, बाकी कुणावर नाही. म्हणजे चाळीस लाख सऱ्या आणि ज्याने त्याने आपापली धरायची. वेळेची पायरी मात्र लहान घ्यावी लागते. खोल पाण्यात लाट वेगाने जाते, आणि एका पायरीत तिने अख्खा चौकोन ओलांडला तर गणित फिसकटतं. दहा मीटरच्या चौकोनाला अर्धा सेकंद धरावा. पाच दिवसांचा पूर म्हणजे साडेआठ लाखांवर पायऱ्या. चाळीस लाख गुणिले साडेआठ लाख. साधारण साडेतीन लाख कोटी वेळा तोच छोटा हिशेब.

साध्या प्रोसेसरचा एक कोअर सेकंदाला एक कोटी चौकोन उरकतो असं धरलं, तर पाच दिवसांच्या पुराचा हिशेब व्हायला चार दिवस लागतात. तोवर पाणी गणपती पेठेत आलेलं असतं. तेच काम कार्डावर सेकंदाला पन्नास कोटी चौकोनांच्या वेगाने गेलं तर दोन तासांत होतं. हे दोन्ही वेग मी हिशेबापुरते धरलेत, खरे वेग प्रोग्रॅम कसा लिहिलाय त्यावर वर-खाली होतील. पण चार दिवस आणि दोन तास यांत नुसता वेगाचा फरक नाही. दोन तासांत उत्तर येत असेल तर एका रात्रीत चार शक्यता तपासता येतात. कोयनेतून विसर्ग वाढला तर काय, हरिपूरच्या संगमावर वारणेचं पाणी त्याच वेळी आलं तर काय, खाली पंचगंगा तुंबली तर काय. आणि मेमरी किती लागते? चौकोनामागे दहा आकडे धरले तरी सगळे मिळून १६० एमबी. त्या बारा जीबीच्या कार्डाच्या एका कोपऱ्यात अख्खी सांगली मावते. विजेचं म्हणाल तर दोन तासांच्या अशा एका फेरीला अख्खं मशीन मिळून एका युनिटच्या आसपास वीज लागेल. विहिरीवरची पाच एचपीची मोटर तासाभरात पावणेचार युनिट खाते.

यासाठी प्रोग्रॅमही नव्याने शोधायला नको. ब्रिटनमधलं लिसफ्लड-एफपी आणि अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचं ट्रायटन ही पुराची मॉडेल्स ग्राफिक्स कार्डावर चालतात, आणि त्यांचा कोड खुला आहे. कार्डांवर गणित करणं आपल्याकडेही नवं नाही. आपल्याच राज्यात, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तीस अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीचे सिग्नल त्याच क्षणी एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम तिथे अद्ययावतीकरणानंतर ग्राफिक्स कार्डं करतात. २०१२ साली चित्रं ओळखणाऱ्या ज्या अ‍ॅलेक्सनेट या एआय मॉडेलने सगळ्या जगाचं लक्ष वेधलं, ते तीन-तीन जीबीच्या दोन कार्डांवर शिकवलं होतं, आणि ती कार्डं गेमवाल्यांसाठी दुकानात मिळणारीच होती. आमच्या लॅबमधलं एकेक कार्ड त्या दोन्हींपेक्षा मोठं आहे.

अखेर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दोन मशिन्सची परवानगी मिळाली. तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी होते. त्यांनी फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीची माहिती घेतली, चौकोन पाडले, प्रोग्रॅम कार्डावर चढवला आणि तासाला पाच मिलिमीटर पाऊस सोडला. संध्याकाळी त्यांतली एक मुलगी येऊन म्हणाली, "सर, पाऊस पडतोय, पण पाणी वाढतच नाही."

आम्ही दोन दिवस चूक शोधली. ती सापडली ती जागा मी कधी विसरणार नाही. या पोरांनी प्रत्येक चौकोनात पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची साठवली होती. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे. कार्डं ज्या छोट्या दशांश आकड्यांत वेगाने काम करतात त्यांत सातेक अंकच मावतात. साडेपाचशेच्या आसपास अशा दोन लागोपाठच्या आकड्यांत ०.०६ मिलिमीटरचं अंतर पडतं. आणि अर्ध्या सेकंदात पडणारा पाऊस किती? ०.०००७ मिलिमीटर. साडेपाचशे मीटरमध्ये तो मिळवला की यंत्र त्याला शून्य समजतं. प्रत्येक अर्ध्या सेकंदाला पाऊस पडत होता आणि प्रत्येक अर्ध्या सेकंदाला पुसला जात होता. जमिनीची उंची वेगळी आणि पाण्याची खोली वेगळी साठवल्यावर रस्ते भिजायला लागले.

पुस्तकात आकड्यांच्या अचूकतेचा धडा असतो, पोरं पाठ करून पंधरा मार्क मिळवतात. स्वतःच्या गावावर पाऊस पाडून तो नाहीसा होताना पाहिलेली मुलगी तो धडा जन्मभर विसरणार नाही. क्लाउडवर भाड्याने यंत्रं मिळत असताना लॅब कशाला उघडायची असं विचारणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो. भाड्याला माझा विरोध नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३७१.९२ कोटींचं इंडियाएआय मिशन मंजूर केलं, त्यात दहा हजारांहून अधिक जीपीयू, म्हणजे अशीच ग्राफिक्सची यंत्रं, सवलतीच्या दरात द्यायची सोय आहे. मोठ्या कामाला ती घ्यावीतच. पण तासाचं मीटर पळत असताना चुकायला कोण धजावेल? शिकायचं तर दोन दिवस चुकत बसायची मुभा लागते. आणि पुरात वीज जाते, नेट जातं, हे २०१९ ला आपण सगळ्यांनी सोसलंय. मिरजेच्या किंवा विश्रामबागेच्या उंचवट्यावर, जनरेटरच्या जोडीला असलेलं मशीन तेव्हाही चालेल.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या अर्का या महासंगणकावर २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाजाची प्रणाली चालते. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. देशभराच्या हवामानाला हे बारीकच आहे आणि ते काम तिथेच व्हायला हवं. पण गावभागापासून विश्रामबागेपर्यंत सांगली अशा एका चौकोनात जवळजवळ मावते. पाऊस किती पडेल हे पुणं सांगेल. तो कुठल्या गल्लीत किती चढेल हे आपलं आपल्यालाच काढावं लागेल.

आता ज्या गोष्टीपाशी आमची पोरं अडली ती सांगतो, कारण ती कार्डाने सुटत नाही. उपग्रहाच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. इथे एका फुटावर घर वाचतं की बुडतं हे ठरतं. नदीचं पात्र पाण्याखाली कसं आहे, भराव टाकून उंच केलेला रस्ता कुठे आडवा आलाय, कुठला ओढा बुजवून प्लॉट पडलेत, यातलं काही आकाशातून धड दिसत नाही. ही माहिती नसेल तर कार्ड आपल्याला चुकीचं उत्तर फक्त लवकर देईल. नदीचे छेद, म्हणजे ठिकठिकाणी पात्र किती रुंद आणि किती खोल आहे, ते मोजलेले आहेत, धरणांच्या विसर्गाच्या तासातासाच्या नोंदी होतात, शहराच्या नकाशासाठी जमिनीच्या उंचीच्या लेव्हल घेतलेल्या आहेत. त्या कार्यालयाकार्यालयांच्या कपाटांत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी एका कार्यालयात छेदांसाठी अर्ज दिला. त्यांना "हे तुम्हाला कशाला पाहिजे?" असं विचारण्यात आलं आणि पुढे काही झालं नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना नदीचा छेद कशाला पाहिजे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे का? लोकांच्या पैशाने मोजलेली नदी लोकांना दिसली पाहिजे.

याचा सर्वांत मोठा फायदा मला अलमट्टीच्या, म्हणजे कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेल्या धरणाच्या, वादात दिसतो. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. आपल्याकडे त्याची धास्ती आहे. धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही यावर चौकाचौकात वाद होतो. २०१९ च्या पुरानंतर राज्याने वडनेरे समिती नेमली, तिने अहवाल दिला. तो पटलेले आणि न पटलेले असे दोन्ही गट आज सांगलीत आहेत आणि दोघांनाही एकमेकांचं म्हणणं तपासता येत नाही. मी कुणाच्या बाजूने बोलत नाही. मी एवढंच म्हणतो की हे गणित कोऱ्या पाटीवर परत मांडून बघता आलं पाहिजे. एकाने गृहीतक बदलावं, दुसऱ्याने ते खोडावं, दोघांनी तेच मॉडेल तेवढ्याच दोन तासांत चालवावं. पूर्वी असं गणित दिल्ली-पुण्याच्या मोठ्या संस्थाच करू शकत होत्या, म्हणून त्यांचा शब्द मानण्यावाचून किंवा नाकारण्यावाचून तिसरा मार्ग नव्हता. कॉलेजच्या लॅबमधल्या एका मशीनवर ते होऊ शकत असताना सामान्य माणसाने फक्त विश्वास किंवा अविश्वास ठेवत बसावं, हे मला मान्य नाही.

एक आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडक्यात. कार्डावरच्या प्रोग्रॅमिंगचा आपल्याकडचा बहुतेक अभ्यास एनव्हिडियाच्या कुडावरच होतो, आणि कुडा त्याच कंपनीच्या कार्डांसाठी आहे. सरकारी पैशाने एका कंपनीची भाषा शिकवायची का? मी वर्गात कुडाच शिकवतो, कारण लॅबमधली कार्डं त्यांची आहेत आणि साधनं पक्की आहेत. पण त्याच आठवड्यात तोच प्रोग्रॅम ओपनसीएलमध्येही लिहायला लावतो, जे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांवर चालतं. काम तोडायचं कसं हे एकदा हाताला लागलं की भाषा बदलायला महिना पुरतो.

मागणी फार मोठी नाही. कॉलेजांनी या लॅब संध्याकाळी सहा ते दहा उघड्या ठेवाव्यात. इतर कॉलेजांच्या पोरांना, शाळेच्या शिक्षकांना, एखाद्या हौशी मेकॅनिकलाही ओळखपत्र बघून आत घ्यावं. बिघाड झाला तर वसुली लॅब असिस्टंटच्या माथी मारायची नाही असा लेखी ठराव व्यवस्थापनाने करावा. माझ्या मते सगळं कुलूप त्या एका सहीच्या भीतीवर लटकलेलं आहे. महापालिका, जिल्हा प्रशासन आणि जलसंपदा खात्याने छेद, लेव्हल आणि विसर्गाच्या नोंदी वेबसाइटवर टाकाव्यात, कुणाचाही अर्ज न मागता. आणि मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, मॉडेलची एक फेरी सर्वांसमोर चालवून दाखवावी. सरकारी इशारा सरकारनेच द्यायचा, यात शंका नको. विद्यार्थ्यांच्या मॉडेलवरून कुणी घर सोडावं किंवा घरात थांबावं असं मी म्हणत नाही. पण सरकारी इशाऱ्यालाही गल्लीपर्यंत पोचायला असंच काहीतरी लागणार आहे, आणि ते करणारी माणसं इथेच तयार व्हायला हवीत.

मॉडेल खरं की खोटं हे तपासायला एक गोष्ट लागते, ती कुठल्याही कार्यालयात नाही, तुमच्याकडे आहे. २०१९ चं पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर रेघ उरली होती. काहींनी ती रंगवून टाकली, काहींनी मुद्दाम ठेवली. मारुती चौकाजवळच्या एका दुकानात ती अजून आहे. शटरच्या आतल्या भिंतीवर, कॅलेंडरच्या वर, मळकट पिवळी आणि आश्चर्य वाटावं इतकी सरळ. आमच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यापासून तिची उंची टेप लावून मोजली आणि मॉडेलच्या उत्तराशी ताडली. मॉडेल सव्वा फूट चुकलं होतं. का चुकलं ते अजून सापडलेलं नाही. तुमच्या घरी अशी रेघ असेल तर या दिवाळीत रंग देण्याआधी रस्त्यापासून तिची उंची मोजा, पाणी आलं तो दिवस आणि वेळ आठवत असेल तर तीही, आणि वहीत लिहून ठेवा. आम्ही ती मागायला येणार आहोत.